कार्डावरचं नाव

माले,

तुझ्या शाळेच्या मोठ्या बाईंचं पत्र आलं आहे. शाळेच्या अंकात तुझ्यासाठी दोन पानं ठेवली आहेत, घरच्या कुणीतरी लिहावं, असं त्या म्हणतात. पत्र तुझ्या दादांच्या नावावर होतं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि मी भाजी चिरत होते तिथे पाटावर ठेवलं. "तूच लिही. तुझ्याच हाताखाली वाढली ती," म्हणाले आणि टोपी घालून कोर्टात गेले. मी आधी भाजी चिरून संपवली.

तुझा जन्म, शिक्षण, नोकरीला लागल्याचा दिवस हे सगळं बाई लिहितील. त्यांच्या मजकुरात 'हसतमुख' हा शब्द येणार, अशी मला भीती आहे. तू हसतमुख नव्हतीस. कुणीतरी चुकताना सापडलं की तू हसायचीस, आणि बहुतेक वेळा ते कुणीतरी मी असायची.

मी या घरात आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि तू सहा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, ही तुझी नणंद, हिला 'वन्सं' म्हणायचं, 'अहो जाहो' करायचं. परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन उभी असलेली तू, आणि मी विचारतेय, "वन्सं, दूध घेता का?" तू दादांसारखं म्हणालीस, "घेतो." दुसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. तुझी वेणी, तुझे दात, तुझ्या उवा माझ्याकडे आल्या आणि उवा काढताना माणसाला अहो म्हणता येत नाही. मग पाहुण्यांपुढे मालतीवन्सं आणि स्वयंपाकघरात माले, असं ठरून गेलं. तू मात्र शेवटपर्यंत मला 'वहिनी, तुम्ही' म्हणालीस. टोमणा मारायचा असला तरी तुम्हीच.

सांगलीच्या मुलींच्या शाळेत शिकवायची नोकरी लागली तेव्हा तू पंचविशीला टेकली होतीस. दोन स्थळं तू मोडली होतीस, एक मी मोडलं होतं, आणि तुझ्या दादांनी नाद सोडला होता. दिवाळीची सुट्टी संपता संपता तू ट्रंक भरायला घेतलीस. मी दारात उभी राहून म्हटलं, "चार महिन्यांत परत येशील. तुला भाकरी थापता येत नाही."

"शिकेन."

"आणि तोवर काय खाशील?"

"तोवर वाचेन."

मला राग आला. सोळा वर्षं तू माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचत होतीस. दुधावर लक्ष ठेव म्हटलं की दूध उतू जायचं आणि तू पान उलटायचीस. असल्या मुलीनं एकटीनं बिऱ्हाड करायचं, हे मला पटत नव्हतं, आणि मला न पटणाऱ्या गोष्टी आपल्या घरात सहसा होत नसत. ही झाली.

संक्रांतीला मी तुझ्याकडे आले. लढाई संपली तरी टंचाई संपली नव्हती. सर्व्हिस मोटार अजून कोळशावरच चालत होती. उंब्रजला ड्रायव्हर खाली उतरून कोळसा ढवळत बसला आणि आम्ही सगळे अर्धा तास धूर खात बसलो. मी तुझ्यासाठी तांदूळ घेतले होते. आपला सातारा इंग्रजी मुलखात आणि सांगली संस्थानात, त्यामुळे हद्दीपलीकडे परवान्याशिवाय दाणा न्यायचा नाही, हा कायदा मला माहीत होता. म्हणून तांदूळ उशीच्या अभ्र्यात शिवले आणि उशी वळकटीत घातली. सांगलीच्या अलीकडच्या नाक्यावर एक शिपाई गाडीत चढला.

"बाई, वळकटीत काय हाय?"

"अंथरूण."

"आन् ह्ये?"

"उशी."

त्यानं ती उचलून कानाशी धरली आणि हलवली. "उशी खुळखुळतीया व्हय?"

"सरकीची आसंल!" मागून एकजण ओरडला आणि सगळी गाडी हसली. शिपायानं तांदूळ ओतून घेतले, अभ्रा झटकून, घडी करून मला परत दिला. तिळगुळाच्या डब्याला हात लावला नाही. उतरता उतरता हळूच म्हणाला, "आवं, कुनाला न्यायला लागलाय? लेकीला? मग तिचं नाव तिकडच्या रेशनच्या कार्डावरनं काढा आन् हिकडं चढवा की. उशीतनं तांदूळ कितींदा पुरायचा?"

हे मी तुला सांगितलं तेव्हा तू भिंतीला टेकून हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वहिनी, तुम्ही? उशीत?" तो अभ्रा तू ठेवून घेतलास आणि त्यात जुन्या साड्या भरून बसायला लोड केलास.

गावभागातली ती खोली मला पहिल्या दिवशी अजिबात आवडली नाही, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं. काय आवडलं ते सांगायचं राहिलं, ते आता सांगते. भिंतींना तू स्वतः चुना काढला होतास आणि त्यात नीळ इतकी पडली होती की डोहात बसल्यासारखं वाटायचं. मी म्हटलं, "ही खोली आहे की विहीर?" तू म्हणालीस, "पुडी हातातून सुटली. आता मला मासे पाळावे लागणार." फडताळ तू रॉकेलच्या डब्यांच्या खोक्यांचं केलं होतंस. नवे खिळे मिळत नव्हते म्हणून जुने वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ केलेस. सगळं फडताळ डावीकडे झुकलं होतं. तो झोक सावरायला तू जाडी पुस्तकं उजवीकडे आणि किरकोळ डावीकडे लावली होतीस. पुस्तकं वजनावर लावलेली मी जन्मात पाहिली नव्हती. एक जाडं पुस्तक वाचायला काढलंस की त्याच्या जागी तेवढ्या वेळापुरता पाटा उभा करायचीस.

आणि ती शेगडी. कार्ड नाही म्हणून रॉकेल नाही, म्हणून तू रिकाम्या डब्याची भुशाची शेगडी केलीस. डब्याच्या बुडाशी भोक, मधे बाटली उभी धरायची, भोवती वखारीतला लाकडाचा भुसा दाबून भरायचा, मग बाटली अलगद उपसून घ्यायची आणि खालून पेटवायचं. धुमसत धुमसत ती तास दोन तास चालायची. आच वाढवता यायची नाही, कमी करता यायची नाही. तुझ्यासारख्या वाचणारीला ती बरोबर मिळाली होती.

"डाळ शिजायला अठ्ठावीस पानं लागतात," तू मला सांगितलंस.

"पानं म्हणजे?"

"पुस्तकाची. माझ्याकडे घड्याळ कुठे आहे? भाकरी मात्र पाऊण पानात उलटावी लागते. गोष्ट रंगात आली असली की करपते."

मी म्हटलं, "म्हणजे कंटाळवाणं पुस्तक घेतलंस तर भाकरी चांगली होईल."

"म्हणूनच तर तुमची इतकी चांगली होते, वहिनी. तुम्ही काही वाचतच नाही."

मी तुझ्या हातची पहिली भाकरी त्या दिवशी खाल्ली. कडेला जाड, मधे पापुद्रा सुटलेली, खाली एक काळा ठिपका. मी म्हटलं, मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं.

घरमालकीण पारूबाई वर आल्या त्या माझ्याकडे नीट बघून घेतच. त्यांचा मुलगा पलटणीत. त्याची पत्रं तू वाचून दाखवायचीस, उत्तरं लिहायचीस, आणि त्याबद्दल त्यांच्या भावाच्या शेतातली ज्वारी तुला मिळायची. "वैनी, तुमची नणंद लय शानी हाय," त्या म्हणाल्या, "पर दुपारच्याला शेंगा आन् गूळ खाऊन शाळंला जातीया. कंट्रोलचा तांदूळ न्हाई, गहू न्हाई, राकेल न्हाई. कारड का काढून देत न्हाईसा तिला?"

"देणार आहे," मी म्हटलं.

तेव्हा तू फडताळावरून एक कागद काढलास. सांगलीच्या कार्डासाठी अर्जाचा छापील नमुना. पेन्सिलीनं तू तो आधीच भरून पाहिला होतास. "हे बघा. कुटुंबप्रमुखाचं नाव: मालती. कुटुंबातील एकूण माणसे: एक. मीच राजा, मीच प्रजा." फक्त सातारच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला जोडायचा होता. त्यासाठी तुझ्या दादांची सही असलेला एक अर्ज आपल्याकडच्या कचेरीत द्यायचा होता. घरातली कार्डं, दुकान, रांग हे सगळं मी बघत होते, म्हणून तू तो अर्ज लिहून माझ्या हातात दिलास. मी "गेल्याबरोबर करते" म्हटलं. तुझ्या दादांनी मी पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली असती.

मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवलाच नाही.

माघात तुझं कार्ड आलं, म्हणजे पोस्टाचं: "वहिनी, दाखल्याचं काय झालं?" मी उत्तर दिलं, कचेरीत गर्दी आहे. गर्दी होती, ते खोटं नव्हतं. चैत्रात तू पुन्हा विचारलंस. या वेळी मी लिहिलं की आपल्या घरात जिवंत माणसाच्या नावावर रेघ ओढत नाहीत, तो अपशकुन समजतात, तेव्हा जरा थांब. उलट टपाली तुझं उत्तर आलं. "वहिनी, हा रिवाज कोणत्या साली सुरू झाला? मला आठवतं तसं, सोडून गेलेल्या गड्यांची नावं आपण हिशोबाच्या वहीतून खोडत असू."

असा रिवाज आपल्या घरात कधीच नव्हता. मी तो तुझ्यापुरता तयार केला. मी नवससायास न करणारी बाई, मांजर आडवं गेलं तर त्याला हाकलून पुढे जाणारी, आणि मी तुला अपशकुन लिहिला. तुला ते एका ओळीत कळलं. मला कळायला तुझं जाणं व्हावं लागलं.

का केलं, याचा हिशोब मी गेले कितीतरी दिवस भांडी घासताना करते आहे. पहिलं कारण तू परत येशील हे. नाव कार्डावर आहे तोवर माणूस घरचं, असं वाटायचं. हे कारण सांगायला बरं आहे आणि काही अंशी खरंही आहे. दुसरं त्याहून खालच्या पायरीचं. तुझ्या वाटची साखर, तांदूळ आणि रॉकेल दर पंधरवड्याला मी सातारच्या दुकानातून उचलत होते. घरात दोन वाढती मुलं. तुझ्या साखरेचा चहा आम्ही प्यालो. तुझं रॉकेल आमच्या कंदिलात जळलं.

तिसरं कारण मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. तुझ्या त्या पेन्सिलीच्या अर्जावर 'कुटुंबप्रमुख' या शब्दापुढे बाईचं नाव होतं. आपल्या कार्डावर मी दुसऱ्या ओळीत आहे. वीस वर्षं या घरात तांदळाची प्रत्येक मूठ मी मोजून टाकली, कुणाला काय पथ्य, कुणाच्या पोटात किती, हे मी ठरवलं, आणि तरी मी दुसऱ्या ओळीत आहे याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. त्या निळ्या खोलीत, तू "मीच राजा" म्हणून हसलीस, तेव्हा वाटलं. मी पण हसले. मोटारीत बसले तेव्हा ते हसणं माझ्या घशाशी आंबट झालं होतं. भाकरी धड न येणारी, पाटा लावून पुस्तकं उभी करणारी पोर, आणि तिला ते मिळणार. आणि ते देण्याचा कागद माझ्या हातात. तो मी डाळीच्या डब्याखाली ठेवला.

आषाढात तिसरं कार्ड आलं. मी ते अजून जपून ठेवलं आहे. "वहिनी, पावसात भुसा ओला होतो. शेगडी नुसती धुरावते. तांदूळ राहू देत, रॉकेलपुरतं तरी बघा." तुझ्या इतर कार्डांत थट्टा असायची. त्यात नव्हती. मी वाचलं आणि श्रावणातले सण होऊन जाऊ देत, मग करू, असं ठरवलं. उत्तरात मी तुला भुसा घरात आढ्याला टांगून वाळव, असा सल्ला दिला.

भाद्रपदात पारूबाईंनी तार करवली.

मी पोचले तेव्हा तापाचा आठवा दिवस होता. डॉक्टर खालीच भेटले. विषमज्वर आहे म्हणाले. त्यांनी विचारलं, "पाणी उकळून प्यायच्या का या?" मी पारूबाईंकडे बघितलं.

"कशावर उकळनार, डाक्टर?" पारूबाई म्हणाल्या. "दोन महिनं भुसा वला. राकेल कारडाबिगर मिळंना. आमची चूल बी धुरानं कोंडलेली. नदीचं गढूळ पानी आलं की तुरटी फिरवायची आन् प्यायची."

डॉक्टरांनी मान हलवली आणि औषध लिहायला घेतलं. मी जिना चढले. किती पायऱ्या आहेत तेव्हा मोजल्या नव्हत्या, नंतर रोज मोजल्या.

तू मला बघून म्हणालीस, "उशीतून काय आणलंत?"

ते सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. आणि माले, त्यांतलेच दोन तास असे आहेत की ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. ऊन पडलं होतं. पारूबाईंनी भुसा अंगणात पत्र्यावर पसरून वाळवला होता. तुला पेजेचं पाणी द्यायचं म्हणून मी शेगडी भरायला बसले. चाळीस वर्षांच्या बाईला चूल पेटवायला कुणी शिकवायचं नसतं, म्हणून मी विचारलं नाही. बाटली काढली आणि सगळा भुसा आत कोसळला. दुसऱ्यांदाही कोसळला.

अंथरुणातून तुझा आवाज आला, बारीक. "दाबा, वहिनी."

"दाबतेय."

"अजून. माझ्यावर रागावला असाल तसं दाबा."

"मी कशाला रागावू?"

"मग दादांवर. कुणावर तरी रागवा, त्याशिवाय ती बसत नाही."

मी दाबला. दोन्ही मुठींनी दाबला. कुणावर रागावून दाबला ते तुला सांगितलं नाही. बाटली सुटून वर आली आणि आत सरळ, गोल नळी उभी राहिली. तू म्हणालीस, "आता वाचा." मी म्हटलं, मला कुठे सवय आहे. "फडताळाच्या उजवीकडून तिसरं. पेज कधी होते ते कळायला नको का?" ते कुणाचं तरी प्रवासाचं वर्णन होतं. मी मोठ्यानं वाचत गेले, अडखळत, शाळेतल्या पोरीसारखी. तू डोळे मिटून दोन ठिकाणी माझे उच्चार दुरुस्त केलेस. पेज एकविसाव्या पानाला झाली. लग्नानंतर सलग एकवीस पानं मी प्रथमच वाचली. हे तू मला दिलंस, तापात पडल्यापडल्या. मी तुला काय दिलं होतं ते आपल्याला दोघींनाही ठाऊक होतं.

रविवारी तुझे दादा आले. तुझ्या उशाशी बसले, तुझा हात हातात धरला आणि काय बोलावं सुचेना म्हणून पुरुषमाणसं विचारतात तसं काहीतरी कामाचं विचारलं. "का गं, तुझं कार्ड अजून झालं नाही? दहा महिने झाले. पारूबाई म्हणतात तुला रॉकेल मिळत नव्हतं."

मी पाण्याचं भांडं घेऊन उभी होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

"अर्ज अडकलाय, दादा," तू म्हणालीस. "इथल्या कचेरीत."

"हे संस्थानी कारभार!" ते चिडले. "मला का नाही कळवलंस? मी वरपर्यंत लिहिलं असतं."

"लिहिणार होते."

ते गेल्यावर मी दार लावलं. तुला एकच विचारलं, "त्यांना खरं का नाही सांगितलंस?" तू म्हणालीस, "तुमच्यामाझ्यात ते कशाला?" एवढंच. त्यात राग असता तर मी पाय धरले असते. क्षमा असती तर रडले असते. तुझ्या आवाजात दोन्ही नव्हतं. उवा काढताना तू तशीच बोलायचीस, मान खाली घालून, लवकर संपू दे म्हणून.

मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तुझ्या अंगातली ताकद जपू, बरी झालीस की बोलू, असं मी ठरवलं. माझ्या सगळ्याच चुका अशा ठरवून केलेल्या आहेत. दोन दिवसांनी दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, तू गेलीस. खाली रस्त्यावरून तुझ्या वर्गातल्या मुली बोलत जात होत्या.

तुझ्या दिवसांनंतर मी खोली रिकामी केली. फडताळ मोटारीत मावेना. पारूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मी त्येच्यात डबं ठेवीन. वाकडं हाय खरं, पर पोरीनं हातानं ठोकलंय." पुस्तकं तुझ्या शाळेला दिली. डाळीच्या डब्याखालचा कागद मी घरी आल्यावर काढला. त्याला तेलाचा डाग पडला होता.

मग कार्डाच्या कचेरीत गेले. गर्दी नव्हती. कारकुनानं विचारलं, "नाव कमी करायचं? कारण काय, स्थलांतर की मयत?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मयत असेल तर मृत्यूचा दाखला लागेल. तो सांगलीहून आणावा लागेल, संस्थानचा शिक्का हवा. स्थलांतर असतं तर काही लागलं नसतं बाई, एका ओळीच्या अर्जावर काम झालं असतं." त्याचा काही दोष नव्हता. तो नियम सांगत होता. दाखला मी आणला. तुझ्या दादांनी अर्जावर सही केली, या वेळी वाचून. सांगलीचा अर्ज अडकला म्हणून इकडचं नाव राहून गेलं, असं त्यांनी धरलं. कारकुनानं पट्टी घेऊन तुझ्या नावावर लाल रेघ ओढली, बाजूला तारीख घातली आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

आता तुझे दादा रोज जेवताना सांगलीच्या कचेरीला शिव्या देतात. पाहुणे आले की सांगतात, बघा, एका कागदापायी माझी बहीण गेली. पाहुणे हळहळतात. ते अर्जाचा मसुदा करताहेत, वरिष्ठांना पाठवणार आहेत. तिथल्या कुणा कारकुनावर ठपका यावा, त्याची नोकरी जावी, असं त्यांना मनापासून वाटतं. त्या कचेरीत तुझा अर्ज कधी गेलाच नव्हता. मी शेजारी बसून त्यांना आमटी वाढते. तू माझ्यासाठी बोललेलं एक वाक्य मी आता रोज त्यांच्या ताटात वाढते आहे, आणि ते खाताहेत.

म्हणून मी बाईंच्या पत्राला होकार दिला. तुझ्याविषयी चार चांगले शब्द लिहायला मी बसले नाही. तसे शब्द तुझ्या वर्गातल्या मुली लिहितील, त्यांना ते शोभतील. मला हे एकदा शाईनं लिहायचं होतं. तोंडानं सांगायला गेले तर मी कारण पहिलं सांगेन, दुसरं थोडंसं सांगेन आणि तिसरं गिळेन, हे मला माझ्याविषयी पक्कं माहीत आहे. मोठ्या बाईंना हे छापावंसं वाटलं तर छापोत, नाही तर नको. त्यांच्याकडे जाण्याआधी ते घरात वाचलं जाईल.

तुझी क्षमा मागत नाही. तू केली असतीस, निदान थट्टेवारी नेली असतीस, आणि मी तेवढ्यावर सुटले असते.

सकाळचे नऊ वाजत आले आहेत. तुझे दादा आंघोळ करून पाटावर येऊन बसले आहेत आणि आतून हाक मारताहेत, "अगं, पान वाढतेस ना? कोर्टाला उशीर होतोय." भात तयार आहे. मी आधी हे कागद त्यांच्यापुढे ठेवते. माझ्या हातचं जेवायचं की नाही, ते त्यांनी वाचून ठरवावं.